शेजारच्या खंदकातील माणूस

हिटलरच्या वंशवादाशी लढावयास अमेरिकेचे सैन्य युरोपात उतरले, ते गोऱ्यांच्या व काळ्यांच्या निरनिराळ्या पलटणी करूनच! काळ्या शिपायांच्या वाट्यास बहुधा ओझी वाहणे आणि मोटारी हाकणे हीच कामे येत. ही विसंगती कोणाच्या ध्यानात आली नव्हती असे आम्हांस म्हणवत नाही. ती सोयीची होती, इतकेच.

सोय संपली ती डिसेंबर १९४४ मध्ये. आर्देन्सच्या अरण्यात जर्मनांनी अकस्मात हल्ला चढविला, पायदळात माणसांची तूट पडली आणि काळ्या शिपायांतून स्वयंसेवक मागण्याची पाळी आली. दोन हजारांहून अधिक पुढे आले. त्यांतील हुद्देदारांनी तर त्यासाठी हुद्देही सोडले. त्यांच्या तुकड्या गोऱ्यांच्या कंपन्यांना जोडण्यात आल्या.

पुढे सैन्यानेच गोऱ्या शिपायांची मते विचारली. आपल्या कंपनीत काळी तुकडी असणे अगदी नापसंत, असे म्हणणारे, जेथे अशी तुकडी कधीच नव्हती तेथे शेकडा ६२ निघाले. जेथे ती प्रत्यक्ष लढली होती तेथे शेकडा ७. या दोन आकड्यांपुढे समतेवरील पुष्कळशी व्याख्याने आम्हांस फिकी वाटतात. सेनापतींनी मात्र ही पाहणी त्या वेळी प्रसिद्ध होऊ दिली नाही, आणि युद्ध संपताच त्या तुकड्या मोडल्या.

मायदेशी तर कोणी कोणाच्या शेजारी खंदकात बसलेच नव्हते. १२ फेब्रुवारी १९४६ रोजी आयझॅक वुडर्ड हा काळा सार्जंट, सैन्यातून सन्मानपूर्वक मोकळा होऊन काही तासच झाले असता, गणवेशातच घरी निघाला होता. बसचालकाशी झालेल्या बोलाचालीवरून दक्षिण कॅरोलिनातील एका गावी त्यास उतरविण्यात आले, आणि तेथील पोलीस-प्रमुखाच्या मारहाणीत त्याचे दोन्ही डोळे गेले. त्या अधिकाऱ्यास गोऱ्या ज्यूरीने सुमारे अर्ध्या तासात निर्दोष ठरविले.

ही हकीकत सप्टेंबरात अध्यक्ष ट्रूमन यांच्या कानी गेली होती. ट्रूमन हे जन्माचे सुधारक नव्हेत. त्यांच्या आजोळी गुलाम होते, व खासगी बोलण्यात काळ्यांविषयी हलके शब्द त्यांच्या तोंडी येत. पण पहिल्या महायुद्धात ते स्वतः तोफखान्याचे कॅप्टन होते. १९४८ साली एका जुन्या स्नेह्याने त्यांना या बाबतीत नरमाईचा सल्ला दिला, तेव्हा उत्तरात त्यांनी या सार्जंटाचेच उदाहरण दिले. त्याच वर्षी २६ जुलैस सैन्यात समान वागणुकीचा हुकूम निघाला होता.

हुकूम निघाला तरी सेनाधिकारी रेंगाळलेच. पलटणी खऱ्या अर्थाने मिसळल्या त्या कोरियात, १९५०-५१ साली, पुन्हा एकदा माणसांची तूट पडल्यावर.