कारण बदलत गेले, युद्ध तेच राहिले

११ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेवर झालेल्या हल्ल्यांत जवळपास ३,००० निरपराध माणसे मारली गेली. त्यानंतरच्या साडेतीन वर्षांत राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी केलेली भाषणे ओळीने वाचली, तर शब्दांची ताकद काय असते ते कळते.

हल्ल्यानंतर पाच दिवसांनी, १६ सप्टेंबरला, पत्रकारांशी बोलताना बुश यांनी दहशतवादाविरुद्धच्या लढाईला ‘क्रुसेड’ म्हटले. इंग्रजीत हा शब्द एखाद्या समाजसुधारणेच्या मोहिमेलाही वापरतात. पण उर्दूत त्याचा अर्थ ‘सलीबी जंग’ असाच होतो. तो ऐकताच १०९९ मधला जेरुसलेमचा संहार आठवतो आणि ११८७ मध्ये ते शहर परत घेणारा सलाहुद्दीन अय्यूबीही. टीका झाल्यावर व्हाइट हाउसला खुलासा करावा लागला. मात्र दुसऱ्याच दिवशी, १७ सप्टेंबरला, बुश वॉशिंग्टनच्या इस्लामिक सेंटरमध्ये गेले होते. इस्लाम म्हणजे शांतता, असे ते तिथे म्हणाले आणि अमेरिकन मुसलमानांना त्रास देणाऱ्यांना त्यांनी खडसावले. ‘क्रुसेड’ आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे, ही भेट फार थोड्यांना. न्यायाने लिहायचे तर दोन्ही लिहिले पाहिजे.

२० सप्टेंबरच्या संसदेतील भाषणात त्यांनी जगापुढे दोनच वाटा ठेवल्या : आमच्या बाजूने या, नाहीतर तुम्ही दहशतवाद्यांच्या बाजूचे. हल्ल्याचा धिक्कार करूनही युद्धाला विरोध करणाऱ्या माणसासाठी या वाक्यात जागाच नव्हती. २९ जानेवारी २००२ रोजी इराक, इराण आणि उत्तर कोरिया यांना त्यांनी ‘दुष्टांची आघाडी’ ठरवले. या शब्दामागे दुसऱ्या महायुद्धातील जर्मनी, इटली आणि जपान यांच्या युतीची आठवण होती. पण इराक आणि इराण तर १९८० ते १९८८ अशी आठ वर्षे एकमेकांशी लढले होते. एका शब्दाने दोन हाडवैऱ्यांना मित्र करून टाकले.

पुढची पायरी सुरक्षेची. १ जून २००२ रोजी वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत बुश म्हणाले की, धोका पूर्ण आकाराला येईपर्यंत थांबलो तर फार उशीर होईल. ७ ऑक्टोबरला सिनसिनाटीत त्यांनी सांगितले की, अंतिम पुरावा हाती येईल तो कदाचित अणुस्फोटाच्या ढगाच्या रूपानेच. अशा वाक्यानंतर पुरावा मागणाराच बेजबाबदार ठरतो. जानेवारी २००३ च्या भाषणात सद्दामने आफ्रिकेतून युरेनियम मिळवण्याचा प्रयत्न केल्याचा दावा होता. हे वाक्य भाषणात यायला नको होते, अशी कबुली त्याच वर्षी जुलैत देण्यात आली. तोवर २० मार्चला इराकवर हल्ला होऊन बगदाद पडले होते. १ मे रोजी विमानवाहू जहाजावर ‘कामगिरी फत्ते’ अशा फलकासमोर बुश यांचे भाषणही झाले होते. प्रत्यक्षात अमेरिकी सैन्य २०११ च्या अखेरपर्यंत तिथे अडकून पडले आणि महासंहारक अस्त्रांचे साठे सापडलेच नाहीत.

लोकशाहीचा उल्लेख आधीही होता, पण अस्त्रे सापडेनात तसा तो पुढे सरकत गेला. ६ नोव्हेंबर २००३ रोजी बुश यांनी मान्य केले की, पाश्चात्त्य राष्ट्रांनी साठ वर्षे मध्यपूर्वेतील हुकूमशाहीकडे डोळेझाक केली. हे खरेच होते. १९५३ मध्ये इराणचे पंतप्रधान मुसद्दिक यांना पदच्युत करण्यात अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेचा हात होता. १९८३ मध्ये डोनाल्ड रम्सफेल्ड यांनी अमेरिकेचे दूत म्हणून बगदादला जाऊन सद्दामशी हस्तांदोलन केले होते. २००३ मध्ये तेच संरक्षणमंत्री होते. २० जानेवारी २००५ रोजी बुश यांनी जगातून जुलूम संपवण्याचे ध्येय जाहीर केले. सुमारे वर्षभरानंतर पॅलेस्टिनी मतदारांनी हमासला निवडून दिले आणि अमेरिकेने त्या सरकारची मदत तोडली.

भारताची भूमिका इथे नोंदवण्यासारखी आहे. वाजपेयी सरकारच्या काळात, एप्रिल २००३ मध्ये, लोकसभेने या युद्धाविरुद्ध ठराव केला. हिंदीत त्यासाठी ‘निंदा’ हा शब्द घेतला, इंग्रजीसाठी थोडा सौम्य शब्द निवडला. शब्दांचे वजन आपल्या मुत्सद्द्यांनाही चांगलेच माहीत होते. जुलैमध्ये भारताने इराकमध्ये सैन्य पाठवायलाही नकार दिला.

आता आपल्याकडे वळू. जानेवारी १९९१ मध्ये सद्दामने राष्ट्रध्वजावर ‘अल्लाहु अकबर’ लिहून घेतले. तीनच वर्षांपूर्वी हलब्जामध्ये त्याच्या फौजेने विषारी वायूने सुमारे ५,००० कुर्द मारले होते. त्यांत बहुतेक मुसलमानच होते. तरीही ध्वजावरचे ते शब्द पाहून कित्येक मुसलमानांना तो दुसरा सलाहुद्दीन वाटला. बुश यांच्या ‘स्वातंत्र्या’ची चिकित्सा करणाऱ्याने सद्दामच्या तकबीरचीही केली पाहिजे.

सुरक्षा, लोकशाही, देश आणि धर्म हे चांगले शब्द आहेत. म्हणूनच सत्ता ते उसने घेते. वर्गात आपण मुलांना वाक्यातला कर्ता आणि कर्म शोधायला शिकवतो. सत्ताधाऱ्याचे भाषण ऐकतानाही तेच शोधावे : मारणार कोण, मरणार कोण आणि या दोघांची नावे भाषणात आहेत की नाहीत?