सही, माऊस आणि अंगठा

श्रोतेहो, माझी दादी विड्या वळायची आणि मजुरीच्या हिशेबापुढे अंगठा उठवायची. किती विड्या बाद धरल्या, हे तिला वाचता येत नसे. अंगठा आणि सही यांतलं अंतर मी असं घरातच पाहिलं.

ते कापण्याचे प्रयत्न जुने आहेत. १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली, पुढे राज्यभर पसरली. ५ मे १९८८ रोजी राष्ट्रीय साक्षरता मिशन आलं. त्याचा रोख १५ ते ३५ वयोगटावर होता. अम्मीची पस्तिशी उलटली होती. तरी ती वर्गात जाऊन बसली आणि सही शिकली.

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ, म्हणजे एमकेसीएल, स्थापन झालं आणि एमएस-सीआयटी अभ्यासक्रम आला. शाळेत न जाता, गावातल्याच केंद्रात, मराठीतून संगणक शिकता येऊ लागला. बी.ए. झालेला मीही नाव घातलं. आमच्या बॅचमध्ये अंगणवाडी सेविका होती, राईस मिलचे मुनीमजी होते. मुनीमजी माऊस टेबलावरून उचलून हवेत फिरवायचे. मधेच लोडशेडिंग व्हायचं, मग अंधारात गप्पा रंगायच्या. बऱ्याच जणांना नोकरीसाठी प्रमाणपत्र हवं होतं. मला मात्र पडद्यावर उमटलेलं माझं मराठी नाव आजही आठवतं.

२०१७ मध्ये केंद्राने ग्रामीण भागासाठी डिजिटल साक्षरता अभियान मंजूर केलं. उद्दिष्ट सहा कोटी घरांचं, घरटी एकाला वीस तासांचं शिक्षण. वयाची अट १४ ते ६०. अम्मी पुन्हा रेषेबाहेर! मार्च २०२४ मध्ये ते अभियान संपलं.

आता रेशनच्या दुकानात यंत्र अंगठा मागतं. विड्या वळून झिजलेली अम्मीची बोटं त्याला पटकन ओळखता येत नाहीत. ‘‘बेटा, सही करते ना मी,’’ ती म्हणते. यंत्राला सही चालत नाही.

म्हणून हल्ली रात्री जेवणं झाली, की मी तिला मोबाइल शिकवतो. परवा तिने पैसे आल्याचा मेसेज स्वतः वाचला, आकडा दोनदा तपासला. दादीला जे वाचता आलं नव्हतं, ते तिच्या सुनेने वाचलं. साक्षरतेची खरी परीक्षा हीच, श्रोतेहो: आपला हिशेब आपल्याला वाचता येतो की नाही? या परीक्षेला वयाची अट कशाला?