सांध्यापासून हवा दूर ठेवताना

छावणीतून शहराकडे येताना खाम नदीवरचा जुना लोखंडी पूल लागतो. त्या काळच्या लोखंडी पुलांना वेल्डिंग माहीत नव्हते. त्यांचे सांधे रिव्हेटांचे असत. दोन पट्ट्यांना भोके पाडायची, तापवून लाल केलेला रिव्हेट आरपार घालायचा आणि त्याचे टोक ठोकून चपटे करायचे. निवताना रिव्हेट आखडतो आणि पट्ट्या एकमेकींवर आवळल्या जातात. सांधा पक्का होतो खरा, पण दोन पट्ट्या दोनच राहतात.

गेल्या उन्हाळ्यात छावणीत राहणाऱ्या आम्हा तिघा शिक्षकांनी शाळेची मोडकी बाके घरीच जोडायची ठरवली. वर्गणी काढून एक घरगुती मिग वेल्डिंग यंत्र घ्यावे, असा बेत होता. दुकानात गेलो तर सारखीच दिसणारी, सारखेच आकडे मिरवणारी यंत्रे, आणि किमतीत मात्र दुपटी-तिपटीचा फरक! पैसे तिघांच्या पगारातले, त्यामुळे चुकून चालणार नव्हते. काही दिवस वाचन केल्यावर वाट सापडली ती या यंत्राच्या इतिहासात.

दोन लोखंडांचे एक करण्याची विद्या लोहाराकडे फार पूर्वीपासून होती. दिल्लीचा सुमारे सोळाशे वर्षांपूर्वीचा लोहस्तंभ लोखंडाचे गोळे तापवून, एकमेकांवर ठोकूनच घडवलेला आहे. आठवडी बाजारात घिसाडी हेच करतो. लोखंड पिवळे-पांढरे होईपर्यंत तापवायचे, वर वाळू किंवा टाकणखार टाकायचा आणि घण घालायचा. वाळू कशासाठी? तापलेल्या लोखंडावर हवेतील ऑक्सिजनमुळे ऑक्साइडचा थर चढतो आणि तो थर मध्ये असेपर्यंत लोखंडाला लोखंड भिडत नाही. वाळूतील सिलिका त्या थराशी संयोग पावून पातळ मळी बनवते आणि घणाच्या घावासरशी ती बाहेर फेकली जाते. वेल्डिंगचा पुढचा सारा इतिहास म्हणजे या हवेला सांध्यापासून दूर ठेवण्याच्या निरनिराळ्या युक्त्या होत, असे म्हणावयास हरकत नाही.

विजेच्या ठिणगीने धातू वितळवण्याची पद्धत १८८०च्या दशकात रशियात बेनार्दोस आणि ओल्शेव्स्की यांनी कार्बनची कांडी वापरून सुरू केली. १८८८ मध्ये स्लाव्ह्यानोव्ह यांनी कार्बनच्या जागी धातूचीच कांडी घेतली. ती वितळून सांध्यात भरू लागली. पण उघड्या कांडीचा सांधा ठिसूळ होई, कारण वितळलेले लोखंड हवेतील नायट्रोजन व ऑक्सिजन शोषून घेते. स्वीडनच्या ऑस्कर क्येलबर्ग यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कांडीवर लेप दिला. लेप जळून वायूचे आवरण तयार होते आणि वर मळीची पपडी बसते. आपल्याकडच्या ग्रिलवाल्याचा ‘रॉड’ तो हाच. मुंबईत १९५१ मध्ये अडवाणी-ओर्लिकॉन ही इलेक्ट्रोड बनवणारी कंपनी निघाली; तिचेच आजचे नाव एडॉर वेल्डिंग.

रॉड मात्र दर दोन मिनिटांनी संपतो आणि दर वेळी पपडी ठोकून काढावी लागते. १९४८ मध्ये अमेरिकेतील बॅटेल संस्थेत यावर उपाय निघाला. रिळावरची बारीक तार मोटरने सतत पुढे सरकवायची आणि टॉर्चच्या तोंडातून तिच्याभोवती निष्क्रिय वायू सोडायचा. हेच मिग. पण निष्क्रिय वायू महाग, म्हणून ते प्रथम ॲल्युमिनियमपुरते राहिले. १९५३ मध्ये रशियन संशोधकांनी पोलादासाठी स्वस्त कार्बन डायऑक्साइड वापरून दाखवला. हा वायू निष्क्रिय नव्हे. ठिणगीच्या उष्णतेत त्याचे विघटन होऊन ऑक्सिजन सुटतो. म्हणून तारेत सिलिकॉन आणि मँगनीज जास्त घालतात. ऑक्सिजन लोखंडाआधी त्यांना पकडतो. घिसाड्याच्या वाळूतले सिलिकॉन अशा रीतीने तारेत येऊन बसले! १९५०च्या दशकाच्या अखेरीस बारीक तार कमी दाबावर वापरण्याची पद्धत आली. तार सेकंदाला शंभर-दीडशे वेळा वितळलेल्या धातूला टेकते आणि सुटते. त्यामुळे पातळ पत्राही भोक न पडता जोडता येऊ लागला.

१९८५ मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना आला, मागोमाग सुटे भाग करणारी वर्कशॉपे आली आणि नगर नाक्यावरून पाळीला जाणाऱ्या कामगारांच्या तोंडी ‘सीओटू’ हा शब्द रुळला. ती यंत्रे तीन फेजवर चालणारी, चाकांवरून ढकलावी लागणारी. ट्रान्सफॉर्मर एवढा जड का, हे दहावीचा विद्यार्थीही समजू शकेल. ठरावीक व्होल्टसाठी वारंवारता जितकी कमी, तितका लोखंडी गाभा मोठा लागतो, आणि आपली वीज ५० हर्ट्झची. इन्व्हर्टर यंत्रात हीच वीज आधी एकदिश करून मग सेकंदाला हजारो वेळा तोडली-जोडली जाते, म्हणून गाभा मुठीएवढा पुरतो. ही तोडजोड करणाऱ्या आयजीबीटी या अर्धवाहक स्विचच्या विकासात आयआयटी मद्रासचे विद्यार्थी बी. जयंत बालिगा यांचा मोठा वाटा आहे. वेल्डिंग यंत्र घरात आले ते या स्विचच्या पाठीवर बसून.

आता दुकानातले प्रश्न सोपे झाले. यंत्रावर २०० अँपिअर लिहिले आहे. घरचे सॉकेट १६ अँपिअरचे. मिगमध्ये १०० अँपिअरला सुमारे १९ व्होल्ट लागतात, म्हणजे १.९ किलोवॅट. यंत्राची कार्यक्षमता ८५ टक्के आणि पॉवर फॅक्टर ०.७ धरला तर २३० व्होल्टवर सुमारे १४ अँपिअर ओढले जातात. बाकाच्या दोन मिलिमीटर जाडीच्या चौकोनी पाइपला १०० अँपिअर भरपूर झाले. वरच्या १०० अँपिअरचे पैसे आम्ही वाचवले.

दुसरा प्रश्न व्होल्टचा. मिग यंत्राने व्होल्ट स्थिर ठेवायला हवेत. हात थरथरून टॉर्च दूर गेला की ठिणगी लांबते, प्रवाह घटतो, तार हळू वितळते आणि अंतर पूर्ववत होते. जवळ गेला तर याच्या उलट. नवशिक्याचा हात यंत्रच सावरून घेते, आणि मिग शिकायला सोपे ते याचमुळे. रॉडच्या यंत्राची गोष्ट निराळी. तिथे प्रवाह स्थिर ठेवतात आणि अंतर माणसाने सांभाळायचे. दोन्ही कामे करणाऱ्या यंत्रात मिगसाठी वेगळी सोय आहे ना, हे पाहावे.

तिसरा प्रश्न वायूचा. सिलिंडर, त्याची अनामत आणि रेग्युलेटर यांचा खर्च यंत्राच्या किमतीत धरलेला नसतो. आम्ही पोटात लेपाचे द्रव्य भरलेली, वायू न लागणारी तार घेतली. अंगणातल्या वाऱ्यातही ती चालते. पण पहिल्या दिवशी ठिणग्या चौफेर उडाल्या आणि सांधा चाळणीसारखा झाला. आम्ही यंत्राला दोष देऊन मोकळे झालो होतो! नंतर कळले की साध्या तारेला टॉर्च धन टोकाला जोडतात आणि बिनवायूच्या बहुतेक तारांना ऋण टोकाला. जोडण्या उलट केल्या आणि काम सुरळीत झाले. काही स्वस्त यंत्रांत ही अदलाबदल करताच येत नाही. घेण्यापूर्वी झाकण उघडून पाहिलेले बरे.

डोळ्यांच्या बाबतीत मात्र काटकसर नको. ठिणगीतले अतिनील किरण काही सेकंदांत डोळ्याला इजा करतात आणि रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे वाटते. कारागीर त्यावर बटाट्याची चकती ठेवतात. आम्ही दहा क्रमांकाच्या काचेचे दोन मुखवटे घेतले, एक काम करणाऱ्यासाठी आणि एक पाहणाऱ्यासाठी.

आतापर्यंत अकरा बाके उभी राहिली. बारावे तसेच पडून आहे. त्याचा पाइप जस्त चढवलेला आहे आणि तापल्यावर जस्ताचा पांढरा धूर निघतो, ज्याने ताप भरतो. आधी ते जस्त कानशीने घासून काढावे लागेल.