फोटो उघडल्याने काय होतंय?

परवा दुकानात एक जण पेनड्राइव्ह घेऊन आला. मुलीच्या लग्नपत्रिकेची पीएसडी फाइल होती, कुठल्याशा ग्रुपवरून उतरवलेली. मी म्हटलं, थांबा, आधी तपासतो. तर हसला. म्हणाला, "काका, फोटोच आहे. फोटो उघडल्याने काय होतंय?"

हे वाक्य मी स्वतः शंभरेक लोकांना तरी ऐकवलंय. वीस वर्षांपूर्वी एसटी स्टँडसमोर एका डीटीपीच्या दुकानात कामाला होतो, तेव्हा. व्हायरस प्रोग्राममधून येतो, फोटोतून येत नाही, असं आम्ही छातीठोकपणे सांगायचो. तेव्हाही ते खोटंच होतं. म्हणून आज जरा जुनी गोष्ट सांगतो. लांब आहे, चहा घेऊन बसा.

जेपीईजीचं प्रमाण १९९२ सालचं. ही फाइल म्हणजे एकामागून एक जोडलेले तुकडे. बहुतेक तुकड्यांच्या सुरुवातीला दोन बाइटमध्ये लिहिलेलं असतं की हा तुकडा किती लांब आहे. त्यातला एक तुकडा शेऱ्याचा. फोटो कुणी काढला, कुठल्या प्रोग्राममध्ये केला, असलं काहीबाही त्यात लिहिता येतं. डोळ्यांना तो दिसत नाही. आता गंमत बघा. लांबी सांगणारे ते दोन बाइटसुद्धा लांबीत धरायचे, असा नियम आहे. म्हणजे शेरा कोरा असला तरी लांबी २ येणार. त्यापेक्षा कमी येऊच शकत नाही.

येऊ शकत नाही, हे झालं नियमाच्या पुस्तकात. फाइल तयार करणाऱ्याने मुद्दाम ० लिहिलं तर? प्रोग्राम काय करतो, सांगितलेल्या लांबीतून २ वजा करतो आणि उरलेलं शेरा म्हणून वाचतो. ० वजा २. जुन्या स्कूटरचं किलोमीटरचं चाक शून्यावरून मागे फिरवलं की ९९९९९ दिसतं ना, तसंच कॉम्प्युटरचं होतं. उत्तर उणे दोन येत नाही, ४२९४९६७२९४ येतं. चारशे कोटींच्या वर. आणि प्रोग्राम इमानदारीत तेवढे बाइट मेमरीत ओतायला लागतो.

मग काय होतं? लग्नाची पंगत डोळ्यांसमोर आणा. आचाऱ्याला चिठ्ठी आली, पन्नास पानं. त्याने पन्नास पाटांची जागा आखली. आले पाचशे. वाढपी कुणाला विचारत नाहीत, पाट मांडत सुटतात. शेजारी भटजींनी होमाची तयारी मांडलेली, तिच्यावरही पाट पडले. इथवर नुसता गोंधळ आहे, प्रोग्राम बंद पडतो, आपण शिव्या घालतो आणि मशीन पुन्हा चालू करतो. पण त्या पाचशेंतला एक जण भटजींच्याच आसनावर बसला आणि स्वतःचे मंत्र म्हणायला लागला, तर लग्न कुणाचं लागेल? फाइलमधल्या आकड्यांनी प्रोग्रामच्या सूचनांची जागा घेणं, ते हेच. फोटो दिसतो, नाही दिसत, त्याला महत्त्व नाही. मशीन दुसऱ्याचं झालेलं असतं.

जुलै २००० मध्ये सोलर डिझायनर या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका रशियन माणसाने नेटस्केप ब्राउझरमधली नेमकी ही चूक जगापुढे मांडली. नेटस्केपने दुरुस्त आवृत्ती काढली. तेव्हा आपल्याकडे सायबर कॅफेत तासावर पैसे घेत होते आणि सगळे याहू चॅटवर होते. कुणाला पत्ता लागणार?

पण मायक्रोसॉफ्टला तरी लागायला हवा होता की नाही? चार वर्षांनी, १४ सप्टेंबर २००४ रोजी, त्यांनी जाहीर केलं की त्यांच्या चित्रं दाखवणाऱ्या जीडीआय प्लस या घटकात चूक आहे. कुठली? जेपीईजीचा शेरा, लांबी ० किंवा १, वजा २. तीच. नेटस्केपवाल्यांनी ज्या खड्ड्यात पाय घातला होता, त्याच्याभोवती चार वर्षं पाटी लावलेली होती, आणि हे त्यातच पडले.

यात विंडोज एक्सपी आलं, ऑफिस एक्सपी आणि ऑफिस २००३ आलं, आणि त्यांची फोटो सुधारायची सॉफ्टवेअर, पिक्चर इट आणि डिजिटल इमेज प्रो, तीही आली. आठवडा-दोन आठवड्यांत हल्ल्याचा कोड इंटरनेटवर फिरायला लागला. त्यात आणखी एक भानगड. त्या घटकाची प्रत प्रत्येक सॉफ्टवेअर आपल्यासोबत वेगळी आणायचं. विंडोज दुरुस्त केलं तरी ऑफिसच्या पोटात जुनी प्रत तशीच. एका घराला पाच कुलपं, आणि किल्ली बदलली एकाची. शेवटी मायक्रोसॉफ्टला, तुमच्या मशीनवर दुरुस्ती न झालेलं काही आहे का हे शोधायला, वेगळा प्रोग्राम द्यावा लागला.

आता तारखा जुळवा. १३ ऑक्टोबर २००४ ला महाराष्ट्रात विधानसभेचं मतदान होतं. म्हणजे जग ही चूक दुरुस्त करत होतं, तेव्हा आम्ही रात्र रात्र उमेदवारांचे हात जोडलेले फोटो कापत बसलो होतो. कार्यकर्ते सीडी आणायचे, ईमेलवर फोटो यायचे, जो येईल तो उघडायचा. विंडोज चोरीचं, ऑफिस चोरीचं. ऑगस्टमध्ये एक्सपीचा दुसरा सर्व्हिस पॅक आला होता, तो टाकला असता तर निदान विंडोजपुरती ही चूक नव्हती. पण चोरीच्या काही गाजलेल्या कींवर तो बसायचाच नाही, आणि मालकांनी सांगून ठेवलं होतं, अपडेटच्या नादाला लागायचं नाही, मशीन लॉक होईल.

मतदानाच्या आदल्या आठवड्यात आमचं मुख्य मशीन बसलं. त्यामागे हीच चूक होती असा माझा दावा नाही, त्या मशीनवर काय काय नव्हतं! पण त्यात एका म्हाताऱ्या आजोबांचे जुने फोटो होते. वारलेल्या बायकोचा एकुलता एक फोटो, कडा खाल्लेला, मी चार दिवस बसून सुधारला होता. सुदैवाने मूळ प्रत त्यांच्याकडे होती. सुधारलेली गेली. पुन्हा करून दिली, पैसे घेतले नाहीत. ते म्हणाले, "असू दे बाळा, मशीनच ते." मशीनची चूक नव्हती, हे तेव्हा मला सांगता आलं नाही.

लोकांना वाटतं ही जुनी रडगाणी. नाहीत. सप्टेंबर २०२१ मध्ये ॲपलने घाईने आयफोनची एक चूक बुजवली. पेगासस हेरगिरीचं सॉफ्टवेअर त्यातून आत शिरत होतं. नाव जीआयएफचं, आत पीडीएफ, आणि पीडीएफच्या आत जेबीआयजी२ नावाचं, फॅक्स आणि स्कॅनरच्या जमान्यातलं चित्र. ते उलगडणाऱ्या जुन्या कोडमध्ये आकडा असाच फिरला. ज्याचा फोन होता त्याला बोटही लावावं लागलं नाही. (हेच जेबीआयजी२ वापरणारी झेरॉक्स कंपनीची काही मशिनं ६ चा ८ करत होती, हे २०१३ मध्ये उघडकीस आलं होतं. नकला काढणाऱ्यांनी ते शोधून वाचावं, झोप उडेल.)

पेगाससवरून आपल्याकडे काय झालं ते तुम्हाला आठवत असेल. सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०२१ मध्ये समिती नेमली, त्यात आयआयटी मुंबईचे प्राध्यापक अश्विन गुमास्ते होते. २९ फोन तपासले. ऑगस्ट २०२२ मध्ये कोर्टात सांगितलं गेलं की पाचांत काहीतरी घातक सापडलं, पण ते पेगाससच असं ठामपणे म्हणता येत नाही, आणि सरकारने सहकार्य केलं नाही. नंतर त्याची चर्चा मी तरी कुठे ऐकली नाही.

२०२३ मध्ये तर रांगच लागली. सप्टेंबरमध्ये वेबपी या गुगलच्या चित्रप्रकारात चूक निघाली. क्रोम, फायरफॉक्स, सगळ्यांनाच धावपळ करावी लागली, कारण तो कोड सगळ्यांनी उचललेला. नोव्हेंबरमध्ये गिंपची २.१०.३६ आवृत्ती आली. चोरीच्या फोटोशॉपला कंटाळून मी आता गिंप वापरतो, फुकट आहे आणि चांगलं आहे. त्या आवृत्तीत बुजवलेल्या चुकांपैकी एक पीएसडी फाइल उघडताना मेमरी ओसंडण्याची होती. पीएसडी. म्हणजे परवा त्या गृहस्थाने आणलेली, तीच जात.

२०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टच्याच माणसांनी सांगितलं होतं की दरवर्षी ते ज्या सुरक्षेच्या चुका बुजवतात, त्यातल्या साधारण ७० टक्के या मेमरीच्याच असतात. कारण ही सॉफ्टवेअर ज्या सी आणि सी++ भाषांत लिहिली गेली, त्या पाटांची मोजदाद आपणहून करत नाहीत. ती प्रोग्राम लिहिणाऱ्यावर सोडलेली.

माझं भांडण त्यांच्याशी नाही. चूक माणसाकडूनच होते, आणि ते ती जाहीर करून दुरुस्त तरी करतात. दुरुस्ती आपल्या दुकानापर्यंत पोचत नाही, हे माझं दुखणं. सर्ट-इन ही आपली सरकारी संस्था जानेवारी २००४ पासून काम करते, म्हणजे त्या निवडणुकीच्या आधीपासून. तिची एकही सूचना आमच्या बाजारपेठेत मराठीतून कुणी आणून दिल्याचं मला आठवत नाही. आणि आमच्या मशीनवर आज काय असतं? गावाची आधार कार्डं, सातबारे, पोरांचे दाखले, लेकीबाळींचे फोटो. एखाद्या तलाठ्याकडे नसेल एवढं माझ्या डाउनलोडच्या फोल्डरमध्ये सापडेल.

तर परवाची फाइल. माझ्याकडे तीन मशिनं. दोनवर गिंप नवं आहे. तिसरं विंडोज ७ चं, त्याचे अपडेट जानेवारी २०२० लाच थांबले. मोठा स्कॅनर फक्त त्यालाच चालतो, म्हणून ठेवलंय, नेटची वायर काढून. पीएसडी मी नव्या मशीनवर उघडली, पत्रिका छापून दिली. पेनड्राइव्ह परत देताना त्यांनी विचारलं, "निघालं का काही?" काही निघालं नव्हतं. मग म्हणाले, आता एक आधार कार्ड स्कॅन करून याच पेनड्राइव्हवर द्या.

स्कॅनर तिसऱ्या मशीनला. मी त्यांचा पेनड्राइव्ह हातात धरून दोन मिनिटं तसाच उभा होतो.