जलसा : सामान्यांच्या धैर्याची रंगभूमि

मराठी रंगभूमीच्या इतिहासाचें पहिलें पान बहुधा राजवाड्यापाशीं उघडतें. 1843 सालीं सांगलीच्या संस्थानिकांच्या आश्रयानें विष्णुदास भाव्यांनीं 'सीतास्वयंवरा'चा प्रयोग केला, आणि पुढें अनेक वर्षें देव, दानव व राजे ह्यांनींच रंगमंच व्यापून टाकला. परंतु ह्याच इतिहासाचा दुसरा एक प्रवाह गांवकुसाबाहेरच्या वस्तींतून वाहत आला. त्याला राजाश्रय नव्हता, नाटकगृह नव्हतें. त्याचा नायक शेतकरी किंवा मजूर असे. तो प्रवाह म्हणजे जलसा.

ह्या प्रवाहाचा उगम जोतीराव फुल्यांच्या 'तृतीय रत्न' ह्या नाटकांत सांपडतो. 1855 सालीं लिहिलेल्या ह्या नाटकांत ग्रहांची भीति घालणाऱ्या जोशाच्या नादानें एक कुणबी व त्याची गरोदर बायको नागवलीं जातात. अखेरीस दोघें रात्रीच्या शाळेंत जाण्याचा निश्चय करतात. रणांगण नाहीं, तरवार नाहीं. शूरकृत्य एवढेंच कीं, दोन अडाणी माणसें अक्षर शिकायला निघतात. दक्षिणा प्राइझ कमिटीनें हें नाटक नाकारलें, व तें छापून निघावयास 1979 साल उजाडावें लागलें.

24 सप्टेंबर 1873 रोजीं सत्यशोधक समाजाची स्थापना झाली, आणि त्याच्या प्रचारकांनीं पुढें तमाशाचाच सांचा हातीं घेतला. ढोलकी, डफ व तुणतुणें तेंच राहिलें. आशय मात्र पालटला. गणांत गणपतीच्या जागीं निर्मिकाचें स्तवन आलें, शृंगारिक लावणीच्या जागीं बोधपर पदें आलीं, आणि वगांत राजाराणीऐवजीं सावकार, भट, कुळकर्णी व कुणबी उभे राहिले. निरक्षर समाजाला ही भाषा परकी नव्हती; म्हणूनच ती थेट मनाला भिडली.

पुढें ह्या रंगभूमीला नवा विषय मिळाला तो महाडला. 19 व 20 मार्च 1927 रोजीं तेथें कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. चवदार तळें सर्वांस मोकळें करण्याचा नगरपालिकेचा ठराव 1924 सालींच झाला होता, परंतु तो कागदावरच राहिला होता. दुसऱ्या दिवशीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मागून हजारों लोक तळ्यावर गेले व पाणी प्याले. त्याबद्दल त्यांना मार खावा लागला. मेलेल्या जनावराचें मांस सोडावें, शिळे तुकडे मागूं नयेत, हा परिषदेंतला उपदेश घेऊन ते घरोघर परतले. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत, महाडलाच, स्त्रियांना नीटनेटकें लुगडें नेसण्याचा सल्ला मिळाला. ह्या गोष्टी ऐकावयास लहान आहेत. परंतु ज्यानें मेलेलें ढोर ओढण्यास नकार दिला त्याचें बलुतें बंद होई, वाण्याचें दुकान बंद होई, वाटही बंद होई. त्या काळीं 'नाहीं' हा एक शब्द उच्चारण्यास सगळ्या घराची भाकर पणास लावावी लागे.

नेमकें हेंच धैर्य आंबेडकरी जलशानें वगांत आणलें. 2 मार्च 1930 रोजीं नाशिकास काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, आणि त्याच दशकांत नाशिक जिल्ह्यांतील भीमराव कर्डक ह्यांच्या जलशानें गांवोगांव नांव मिळविलें. जलसाकार हे शेतांत किंवा गिरणींत राबणारे लोक. स्त्रियांच्या भूमिकाही पुरुषच करीत. वगांत एक जुन्या चालीचा म्हातारा वेठ सोडावयास भितो, आणि शिकलेला मुलगा त्याच्याशीं वाद घालतो. असला प्रसंग पाहतांना प्रेक्षकांत बसलेला म्हातारा आपलेंच भांडण ऐकत असे.

ह्या रंगभूमीचें खरें सामर्थ्य येथें आहे. राजवाड्यांतला पराक्रम पाहून प्रेक्षक टाळ्या देतो व घरीं जातो. जलशांतला पराक्रम त्याला उद्यां सकाळीं स्वतः करावयाचा असे. एकटा मनुष्य बहिष्काराला भितो; परंतु सगळी वस्ती जेव्हां एकत्र बसून तोच नकार ऐकते आणि त्याला हुंकार देते, तेव्हां एकाची भीति सगळ्यांत वांटली जाते. सभेंतील भाषणानें विचार पटे. जलशानें त्या विचाराला शेजाऱ्यांची साक्ष मिळे.

वतनाची वेठ कायद्यानें संपावयास बराच काळ गेला. बाबासाहेबांनीं मुंबई कायदेमंडळांत त्यासंबंधीं विधेयक मांडलें तें 1928 सालीं. कनिष्ठ गांवकामगार वतनें नष्ट करणारा मुंबई राज्याचा कायदा झाला तो 1958 चा. मधलीं तीस वर्षें ज्यांनीं कायद्याची वाट न पाहतां ढोर ओढणें सोडलें, त्यांचीं नांवें कोणत्याही दप्तरांत नाहींत. तीं उरलीं असतील तर जलशाच्या पदांत उरलीं आहेत. नाट्येतिहास लिहितांना सांगलीच्या दरबाराइतकेंच मानाचें स्थान त्या कंदिलाखालच्या अंगणालाही दिलें पाहिजे. कारण तेथें नट व प्रेक्षक दोघेही एकाच परीक्षेस बसले होते.