मृताचे संगणक-दप्तर

मृत व्यक्तीने संगणकात अथवा दूरस्थ खात्यात ठेवलेले लेखन, हिशेब व छायाचित्रे तिच्या वारसांच्या हाती देण्याचे कार्य. कोल्हापुरात ते बहुधा संगणक-दुरुस्तीच्या दुकानांतून, क्वचित वकिलाच्या सल्ल्याने पार पडते. यंत्राची मालकी वारसाकडे निर्वेधपणे येते, परंतु त्यातील मजकूर वाचण्याचे सामर्थ्य तिच्यासोबत येत नाही, ही या विषयातील मूळ अडचण होय.

कायदा : मृताच्या फायलींसाठी भारतात स्वतंत्र वारसा-कायदा नाही. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमाखालील प्रमाणपत्र येणी व रोखे यांपुरते असते. १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन ८ अन्वये दिवाणी न्यायालयाकडून मिळणारा वारस दाखला अधिक व्यापक आहे, तथापि दूरस्थ खाती चालवणाऱ्या परदेशस्थ कंपन्या त्याला कितपत मान देतात हे त्यांच्या अटींवर अवलंबून राहते. २००० चा माहिती तंत्रज्ञान अधिनियम मृत्युपत्रास लागू नसल्यामुळे, संगणकात लिहून ठेवलेली अखेरची इच्छा, ती कागदावर उतरून सही व दोन साक्षीदार यांनिशी पूर्ण झालेली नसेल तर, सामान्यतः मृत्युपत्र ठरत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाच्या १४ व्या कलमात नामनिर्देशनाची तरतूद आहे. अमेरिकेत मिशिगनमधील न्यायालयाने २००५ मध्ये इराकात पडलेल्या सैनिकाची ई-टपाले त्याच्या पित्यास देण्याचा हुकूम याहू कंपनीस केला. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने १२ जुलै २०१८ रोजी फेसबुक-खाते पत्रांप्रमाणेच वारसांकडे जाते असा निर्णय दिला. मृताशी खाजगी पत्रव्यवहार करणाऱ्या जिवंत व्यक्तींच्या हक्काविषयी मतैक्य नाही.

कुलूप : प्रवेशाचा परवलीचा शब्द आणि साठवण-चकतीचे (हार्ड डिस्कचे) सांकेतिकीकरण या दोन भिन्न गोष्टी आहेत. केवळ पहिला असेल तर चकती काढून दुसऱ्या यंत्रास जोडताच फायली वाचता येतात. बिटलॉकरसारखे सांकेतिकीकरण असल्यास ४८ अंकी पुनःप्राप्ती-किल्ली लागते, आणि ती मृताच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात किंवा एखाद्या छापील कागदावर सापडण्याचा संभव असल्यामुळे घरातील कागदपत्रे आधी तपासावीत. काही उघडण्यापूर्वी संपूर्ण चकतीची प्रत काढावी, कारण नुसत्या चाळण्यानेही फायलींच्या तारखा बदलू शकतात, आणि लेखकाने कोणता खर्डा शेवटी हाताळला याचा पुरावा नष्ट होऊ शकतो.

लिपी : मराठी कुटुंबांपुढील खरी अडचण येथे आहे, आणि दुरुस्तीच्या दुकानात तिची दखल क्वचितच घेतली जाते. विंडोज २००० पासून युनिकोड देवनागरीची सोय झाली, तरी मुद्रणालये, वकील, शिक्षक व ग्रामीण लेखक त्यानंतरही दीर्घकाळ श्रीलिपी, आकृती, सीडॅकचे आयएसएम यांसारख्या प्रणालींत लिहीत राहिले. अशा अनेक फायलींत मराठी अक्षरांच्या जागी वस्तुतः रोमन अक्षरांचे व चिन्हांचे संकेतांक साठवलेले असतात आणि विशिष्ट टंकामुळेच ते देवनागरी दिसतात. टंक गेला की आत्मचरित्राचे पान निरर्थक चिन्हांची रास होते, आणि वारस ती फाइल बिघडली असे समजून पुसून टाकतो. संस्थानी अमलातील मोडी कागदांचे रुमाल ज्याप्रमाणे वाचकाअभावी घरोघरी रद्दीत गेले, त्याच नाशाची ही पुनरावृत्ती आहे आणि ती टाळता येण्यासारखी आहे. म्हणून चकतीतील टंकांचा संग्रह प्रथम जतन करावा. टंकाचे नाव कळल्यावर रूपांतरकाच्या साहाय्याने मजकूर युनिकोडमध्ये आणता येतो, मात्र जोडाक्षरे व रफार मुळाशी ताडून पाहावे लागतात. जुन्या संगणकाच्या पाठीस लावलेली छोटी कुलूपपेटीही फेकू नये. काही टंकप्रणाली तिच्यावाचून चालत नाहीत. पेजमेकर या पानमांडणी-प्रणालीतील पुस्तके उघडण्यास जुने यंत्रच अधिक उपयोगी पडते.

छायाचित्रे : यांस लिपीची अडचण नाही.

पूर : २०१९ व २०२१ च्या पंचगंगेच्या महापुरांत कोल्हापुरातील शाहूपुरीसारख्या भागांतील घरे व दुकाने पाण्याखाली गेली. भिजलेली चकती चालू करून पाहू नये, उन्हातही वाळवू नये. गाळासह ती तज्ज्ञाकडे न्यावी.

दूरस्थ खाती : गूगलने २०१३ मध्ये, खाते ठरलेल्या मुदतीत निष्क्रिय राहिल्यास जास्तीत जास्त दहा व्यक्तींना मजकूर देण्याची सोय केली, ॲपलने २०२१ च्या डिसेंबरात वारस-संपर्काची योजना आणली, तीत प्रवेश-किल्ली व मृत्यूचा दाखला दोन्ही लागतात. दोन्ही व्यवस्था खातेदाराने हयातीतच कराव्या लागतात.