दिवा आपोआप लागतो तेव्हा

रायपूरची पोस्टिंग मराठी माणसाला फारशी परकी वाटत नाही. हा मुलूख एकेकाळी नागपूरकर भोसल्यांचा. शहरात तात्यापारा नावाची जुनी वस्ती आहे, चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळ आहे, आणि गणपतीत आरतीला आवाज कमी पडत नाहीत. संध्याकाळी दुर्गच्या दिशेने गाडी काढली, की तीसेक किलोमीटरवर भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या उंच नळकांड्यांवर ज्वाला दिसायला लागतात. नव्याने बदलून आलेले जवान विचारतात, "साहेब, ही आग विझत का नाही?"

विझू देत नाहीत, हे त्याचं उत्तर. दगडी कोळसा हवाबंद भट्टीत तापवला की त्याचा कोक होतो आणि त्यातून गॅस निघतो. या गॅसमध्ये निम्म्याहून अधिक हायड्रोजन असतो, बाकी मिथेन, थोडा कार्बन मोनॉक्साइड वगैरे. कारखान्यात वापरून उरलेला गॅस तसाच हवेत सोडणं धोक्याचं, म्हणून तो जाळून टाकतात. त्यासाठी नळकांड्याच्या तोंडाशी एक लहान ज्योत कायम तेवत ठेवावी लागते, आणि ती विझलीच तर पुन्हा पेटवायची सोय तयार ठेवावी लागते. जळणाऱ्या गॅसपेक्षा न जळता साचलेला गॅस जास्त घातक असतो.

दीडशे वर्षांपूर्वी मुंबईचे रस्ते उजळले, ते जवळजवळ याच गॅसवर.

तारीख ७ ऑक्टोबर १८६५. त्या संध्याकाळी भेंडी बाजार, एस्प्लनेड रोड, चर्चगेट स्ट्रीट या भागांत पहिल्यांदा गॅसचे दिवे लागले. मुंबईच्या गॅझेटियरमध्ये त्या संध्याकाळची हकिगत आहे. बत्तीवाला एका खांबाकडून दुसऱ्या खांबाकडे जात होता आणि त्याच्या मागे बघ्यांची गर्दी मुकाट चालत होती. कलकत्त्यात हा प्रकार आठ वर्षं आधी, जुलै १८५७ मध्ये सुरू झाला होता. बंगाल आर्मी बंडात पेटलेली असताना कलकत्त्याच्या रस्त्यांवर गॅसबत्त्या लागत होत्या, हे आपण इतिहासाच्या तासाला कधी शिकलो नाही.

त्या गर्दीला दिव्याचं नवल वाटलं. गॅस कंपनीच्या हिशेबनिसाला मात्र त्या शिडीवाल्या माणसाचं कोडं पडलं असणार. आपल्याकडे संधिप्रकाश फार थोडा वेळ टिकतो. लंडनला जूनमध्ये सूर्य बुडाल्यावर पाऊण तास उजेड रेंगाळतो, मुंबईला वीस-पंचवीस मिनिटांत काळोख होतो. एक दिवा पेटवून पुढच्या खांबापर्यंत पोचायला एका माणसाला मिनिटभर लागतं असं धरलं, तर अंधार पडायच्या आत तो वीस-पंचवीस दिवे लावणार. शहरात दिवे हजारांनी. म्हणजे एक तर माणसं भरपूर ठेवा, किंवा पहिले दिवे उजेडातच पेटवून गॅस फुकट जाळा. पहाटे विझवताना हाच हिशेब उलटा. पाऊस आणि वारा असला, तर काडी किंवा मशाल विझते ती वेगळीच.

तेव्हा माणसाने हात न लावता दिवा लागला पाहिजे, ही गरज गॅसच्या दिव्याइतकीच जुनी. तिची उत्तरं शोधणाऱ्यांची गोष्ट मला त्या दिव्यांपेक्षा जास्त रंजक वाटते.

पहिलं उत्तर रस्त्यावरच्या गॅसबत्त्या नुकत्या पसरू लागल्या होत्या त्या काळातलं आहे. १८२३ मध्ये जर्मनीतल्या येना इथे योहान डोबेरायनर या रसायनशास्त्रज्ञाला दिसलं, की स्पंजासारख्या सच्छिद्र प्लॅटिनमवर हायड्रोजनचा झोत सोडला तर प्लॅटिनम लाल होतं आणि गॅस पेट घेतो. ठिणगी नाही, काडी नाही. प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन यांचा संयोग साध्या तापमानालाच सुरू होतो, त्याची उष्णता साठत जाते आणि ज्वाला उठते. प्लॅटिनम स्वतः मात्र खर्ची पडत नाही.

डोबेरायनरने याचा टेबलावर ठेवायचा दिवा केला. काचेच्या भांड्यात सौम्य गंधकाम्ल, त्यात टांगलेला जस्ताचा तुकडा, वर एक तोटी, आणि तोटीसमोर प्लॅटिनमचा स्पंज. तोटी उघडली की हायड्रोजन बाहेर येतो आणि पेटतो. बंद केली की आत साठणारा गॅस आम्लाला खाली ढकलतो, जस्त कोरडं पडतं आणि गॅस तयार व्हायचा थांबतो. हे यंत्र स्वतःच स्वतःला आवरतं. असे दिवे युरोपात हजारोंनी खपले. गंमत अशी, की घासून पेटणारी काडी बाजारात आली ती १८२७ मध्ये. म्हणजे लायटर आधी आणि काडेपेटी नंतर!

कोळशाच्या गॅसमध्येही हायड्रोजन भरपूर, मग हीच युक्ती रस्त्यावर का चालू नये? एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ती चालवून पाहिली गेली. प्लॅटिनमची बारीक काळी पूड सच्छिद्र खनिजाच्या गोळीत भरायची आणि ती गोळी बर्नरच्या वर टांगायची. गॅस सोडला की गोळी तापते आणि दिवा लागतो. कागदावर उत्तम. प्रत्यक्षात तीन अडचणी आल्या. ओल धरली की गोळी पेट घ्यायला उशीर लावते, आणि तेवढ्या वेळात काचेत गॅस साचून 'फट्' असा स्फोट होतो, काच जाते. काजळी आणि गॅसमधला गंधक यांनी प्लॅटिनम हळूहळू निकामी होतं. आणि रोज ज्वालेच्या आचेत राहून त्याची छिद्रं मिटत जातात. पहिल्या दिवशी झकास चालणारं यंत्र काही महिन्यांनी दगा देतं, आणि कोणत्या संध्याकाळी देईल ते सांगता येत नाही. लष्करात असं उपकरण चाचणीत पास होतं आणि युनिटमध्ये नापास होतं. वाचणाऱ्या माजी सैनिकांना उदाहरणं द्यायची गरज नाही.

याच काळात दिव्याचं रूप बदललं. ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फोन वेल्सबाख याने १८८५ मध्ये मेंटलचं पेटंट घेतलं आणि १८९१ मध्ये त्याचं पक्कं मिश्रण शोधलं. ९९ टक्के थोरियम ऑक्साइड आणि १ टक्का सेरियम ऑक्साइड. लग्नाच्या वरातीत आणि तमाशाच्या फडात आपण ज्याला 'गॅसबत्ती' म्हणायचो, त्या पेट्रोमॅक्सच्या आत लोंबणारी पांढरी पिशवी ती हीच. तिच्यासाठी थोरियम हवं. १९०९ मध्ये शोंबर्ग नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाला त्रावणकोरहून आलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत मोनाझाइट सापडलं. मनवालकुरिचीच्या किनाऱ्यावरची ती वाळू जहाजं भरून जाऊ लागली आणि युरोपच्या रस्त्यांवर तिचा उजेड पडू लागला. पुढे तीच वाळू आपल्या अणुऊर्जा कार्यक्रमाच्या केंद्रस्थानी आली.

वाळूतून थोरियम काढल्यावर सेरियम वगैरे धातू उरायचे. आउअरने १९०३ मध्ये त्यात लोखंड मिसळून एक मिश्रधातू केला. तो घासला की ठिणग्या उडतात. सिगारेट लायटरचा खडा तो हाच. दिव्यासाठीचा माल काढताना उरलेल्या गाळातून दिवा पेटवण्याचं साधन निघालं!

रस्त्यावरच्या दिव्यांना मात्र खडा घासायला कुणीतरी लागतंच. म्हणून तिथे दोन वेगळ्या वाटा निघाल्या. दोन्हींत एक लहान ज्योत दिवसरात्र तेवत ठेवायची, आणि मुख्य गॅसची झडप फक्त वेळेवर उघडायची.

पहिली वाट दाबाच्या लाटेची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत ती रूढ झाली. संध्याकाळी गॅस कारखान्यातून थोडा वेळ दाब वाढवायचा. नळांतून ती लाट शहरभर जाते, प्रत्येक दिव्यातला पडदा उचलला जातो, झडप उघडते आणि मोठा दिवा लागतो. पुन्हा लाट सोडली की विझतो. एका माणसाने एक चाक फिरवायचं आणि सगळं शहर उजळायचं. दोष असा, की कारखान्याजवळ लाट जोरात आणि शहराच्या टोकाला मंद. टोकाचे दिवे रुसून बसायचे.

दुसरी वाट घड्याळाची. इंग्लंडमधल्या बाथ शहरात गुस्ताव हॉर्स्टमान नावाचे जर्मन वंशाचे घड्याळजी राहत. त्यांच्या मुलांनी १९०४ मध्ये हॉर्स्टमान गिअर कंपनी काढली आणि 'न्यूब्रिज' नावाचे गॅस कंट्रोलर बनवले. दिव्याच्या आतच किल्लीचं घड्याळ. ठरल्या वेळी ते झडप उघडतं आणि ठरल्या वेळी बंद करतं. ऋतूप्रमाणे दिवस लहानमोठा होतो, त्यानुसार वेळ सरकवणारी तबकडीही त्यात बसवली होती.

हॉर्स्टमान हे नाव रणगाडेवाल्यांनी ओळखलं असेल. त्या भावांपैकी सिडनी पुढे मोटारींकडे वळला आणि १९२२ मध्ये त्याने 'स्लो मोशन सस्पेन्शन' नावाची कंपनी काढली. त्याचं सस्पेन्शन ब्रिटिश रणगाड्यांत गेलं आणि तिथून सेंच्युरियनमध्ये आलं. १९६५ मध्ये फिलोरा आणि असल उत्तरला आपले सेंच्युरियन त्याच चाकांवर धावले. १९७१ मध्ये बसंतरला पूना हॉर्सच्या सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपालचा 'फामागुस्ता'ही त्यावरच उभा होता. खेत्रपालचा जन्म पुण्याचा, आणि खडकवासल्याला ज्या मैदानावर आम्ही ड्रिल रगडलं त्याला त्याचं नाव आहे. तो रणगाडा अहिल्यानगरच्या आर्मर्ड कोअर सेंटरमध्ये जपून ठेवला आहे. पुढच्या वेळी तिथे गेलात तर चाकांच्या जोड्यांकडे नीट पाहा. ज्या घराण्यातून त्या आल्या, त्याच घराण्याने रस्त्यावरच्या दिव्यांची घड्याळं केली होती.

तिसरं उत्तर समुद्रावरचं. दीपगृहावर घड्याळाला किल्ली द्यायला कोण जाणार? स्वीडनचा गुस्ताफ डालेन हा शेतकऱ्याचा मुलगा. १९०७ मध्ये त्याने सूर्यझडप शोधली. मधोमध एक काळा दांडा, भोवती चकचकीत दांडे. दिवसा काळा दांडा प्रकाश शोषून बाकीच्यांपेक्षा जास्त लांबतो आणि ॲसिटिलीनची झडप मिटवतो. अंधार पडला की तो आखडतो, झडप उघडते आणि तेवत्या ज्योतीवर दिवा लागतो. धुकं दाटून काळोख आला तरी लागतो. माणूस महिनोन्महिने फिरकला नाही तरी चालतं. भारताच्या किनाऱ्यावरच्या अनेक दीपगृहांतही त्याच्या आगा कंपनीची ॲसिटिलीनची उपकरणं होती.

डालेनला १९१२ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. ते घ्यायला मात्र त्याचा भाऊ गेला. त्याच वर्षी ॲसिटिलीनच्या नळकांड्यांची चाचणी घेताना स्फोट झाला आणि डालेनचे डोळे गेले. भाऊ नेत्रतज्ज्ञ होता, त्यालाही काही करता आलं नाही. दिवे आपोआप लावणारा माणूस त्यानंतर पंचवीस वर्षं अंधारात जगला, आणि १९३७ मध्ये मरेपर्यंत कंपनी चालवत राहिला.

इथेच मला या विषयाचं मर्म दिसतं. 'आपोआप' या शब्दात कुणीतरी माणूस लपलेला असतो. प्लॅटिनमची गोळी बदलायला माणूस लागायचा. घड्याळाला दर आठ-पंधरा दिवसांनी किल्ली द्यायला, काच पुसायला, मेंटल बदलायला, तेवती ज्योत वाऱ्याने विझली नाही ना हे बघायला शिडी घेऊन माणूसच जायचा. बत्तीवाला गेला नाही, त्याचं काम बदललं. पूर्वी त्याच्यामागे गर्दी चालायची, आता तो दिवसाउजेडी येऊन जायचा आणि कुणाच्या लक्षातही राहायचा नाही. जोखीमही त्याच्याकडेच सरकली. ऑक्टोबर २०१८ मध्ये भिलाईला कोक ओव्हन गॅसच्या नळाला आग लागून दहाहून अधिक कामगार गेले. ते देखभालीच्या कामावर होते.

फौजेत आपण हे रोज पाहतो. नवी यंत्रणा आली की प्रात्यक्षिकाला सगळे वरिष्ठ हजर असतात. 'साहेब, बटण दाबा, बाकी आपोआप.' त्यानंतर तीन वर्षं, मध्यरात्री, धुळीत, फिल्टर साफ करणारा आणि बॅटरीचं पाणी बघणारा ईएमईचा क्राफ्ट्समन कुठल्याही फोटोत नसतो. यंत्र किती विश्वासाचं आहे हे प्रात्यक्षिकातून कळत नाही, त्याच्या मेंटेनन्सच्या रजिस्टरवरून कळतं. कमांडरने पाहायचं असेल तर ते आधी पाहावं.

मुंबईत गॅसबत्तीला स्पर्धक लवकर आला. १८८२ मध्ये क्रॉफर्ड मार्केटात विजेचे दिवे लागले, ती कंपनी टिकली नाही. १९०५ मध्ये बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी आली आणि मग हळूहळू खांब बदलत गेले. विजेने पेटवण्याचा प्रश्नच मिटवला. तिथे बटण दाबणं हेच पेटवणं.

लंडनमध्ये मात्र अलीकडेपर्यंत सुमारे दीड हजार गॅसचे दिवे जळत होते. त्यांना सांभाळायला पाचेक माणसांची तुकडी असायची. दिवे घड्याळावर आपोआप लागायचे. आणि दर पंधरवड्याला त्यातला एकजण शिडी लावून वर चढायचा, मेंटल तपासायचा, काच पुसायचा आणि घड्याळाला किल्ली देऊन खाली उतरायचा.